गुप्त नभोवाणी केंद्र : काँग्रेस रेडिओ

‘छोडो भारत’ आंदोलनाच्या काळात मुंबईतून स्वयंसेवकांनी चालविलेले गुप्त नभोवाणी केंद्र. २७ ऑगस्ट १९४२ पासून १२ नोव्हेंबर १९४२ पर्यंत, म्हणजे सु. अडीच महिने, ते कार्यरत होते. प्रेषणाचे ठिकाण गुप्त राखून निषिद्ध वार्ता लोकांपर्यंत पोहोचविणे, हा त्याचा हेतू होता. अशा कार्यात स्वयंसेवकांपुढे कोणत्या तांत्रिक व कायदेविषयक अडचणी उभ्या राहतात, याचे हे केंद्र बोलके उदाहरण आहे.

पार्श्वभूमी : ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावरील अधिवेशनात ठराव संमत झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे प्रमुख नेत्यांना अटक झाली. वृत्तपत्रांवर कडक निर्बंध आले. नभोवाणी शासनाच्याच हाती असल्याने आंदोलनाच्या वार्ता दडपल्या जाऊ लागल्या. त्यापूर्वी हैदराबाद संस्थानातही असाच प्रश्न निर्माण झाला होता. आजचा धाराशिव (उस्मानाबाद) जिल्हा त्या वेळी या संस्थानात मोडत असे. आ. कृ. वाघमारे यांनी सुरू केलेल्या मराठवाडा या साप्ताहिकावर निजामी राजवटीने बंदी घातली, तेव्हा ते नाव बदलून प्रसिद्ध होत राहिले. छापील अंक मात्र हस्ते-परहस्ते न्यावे लागत व वाटेत जप्त होऊ शकत. बिनतारी लहरींना सरहद्दीची अडचण नव्हती. तथापि त्या जेथून निघत ते ठिकाण शोधून काढता येत असे.

उभारणी : महाविद्यालयीन विद्यार्थिनी उषा मेहता, विठ्ठलदास माधवजी ऊर्फ बाबूभाई खाकर, विठ्ठलदास जव्हेरी, चंद्रकांत जव्हेरी प्रभृतींनी केंद्राची उभारणी केली. शिकागो रेडिओ या व्यापारी पेढीचे नानक मोटवाणी यांनी यंत्रसामग्री मिळविण्यास साहाय्य केले. राममनोहर लोहिया यांचे मार्गदर्शन केंद्रास लाभले. प्रेषण ४२·३४ मीटर तरंगलांबीवर होई. केंद्राची घोषणा करताना केवळ ‘हिंदुस्थानातील कोठूनतरी’ एवढाच ठिकाणाचा निर्देश असे. नेत्यांची भाषणे, सूचना व आंदोलनाची वृत्ते यांचा कार्यक्रमात समावेश असे. वऱ्हाड-मध्य प्रांतातील आष्टी व चिमूर येथील घटनांची वार्ताही या केंद्रावरून देण्यात आली.

तांत्रिक अडचणी : प्रेषक जितका वेळ चालू राही, तितका तो हुडकला जाण्याचा संभव वाढे, कारण दिशाशोधक यंत्रे बसविलेल्या पोलिसांच्या मोटारी शहरात फिरत असत. म्हणून प्रेषणाचा काळ मर्यादित ठेवून जागा वारंवार बदलण्यात येई. प्रत्येक स्थलांतरासाठी नवे भाड्याचे घर, विजेची सोय, आकाशकासाठी योग्य जागा आणि शेजाऱ्यांना संशय येऊ नये असे निमित्त, या सर्वांची जुळवाजुळव करावी लागे. यंत्र बनविण्यास व दुरुस्त करण्यास तज्ज्ञाची गरज असे. अखेर प्रेषकाशी संबंधित तंत्रज्ञ पोलिसांच्या हाती लागला आणि त्याच्याकरवी त्यांना केंद्राचा ठावठिकाणा समजला. १२ नोव्हेंबर रोजी छापा पडून उषा मेहता व चंद्रकांत जव्हेरी यांना अटक झाली. लहरींच्या शोधापेक्षा माणसांमधील दुवाच कच्चा ठरला.

कायद्याची बाजू : भारतीय तार अधिनियम (१८८५) व भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियम (१९३३) यांनुसार परवान्यावाचून प्रेषण करणे, एवढेच नव्हे तर बिनतारी यंत्र बाळगणे हाही अपराध होता. महायुद्ध सुरू होताच हौशी प्रेषकांचे परवाने रद्द झाले होते. परिणामी काय बोलले गेले हे सिद्ध होण्यापूर्वीच यंत्र जवळ असणाऱ्यावर गुन्ह्याची जबाबदारी येई. १९४३ मध्ये खास न्यायालयाने खाकर यांना पाच, उषा मेहता यांना चार व चंद्रकांत जव्हेरी यांना एक वर्षाची शिक्षा दिली. विठ्ठलदास जव्हेरी व मोटवाणी निर्दोष सुटले. उत्तर देणे बंधनकारक नाही, हे न्यायाधीशांकडून स्पष्ट करून घेऊन उषा मेहता यांनी मौन पाळले. १९४६ मध्ये त्यांची सुटका झाली. १९९८ मध्ये त्यांना पद्मविभूषण देण्यात आले. ११ ऑगस्ट २००० रोजी त्यांचे निधन झाले.

उत्तरकाल : संगणकयुगात हाच प्रश्न निराळ्या स्वरूपात उद्‌भवला. २००२ पासून विकसित झालेल्या ‘टॉर’ या जाळ्यात सामान्यतः संदेश स्वयंसेवकांच्या तीन संगणकांमधून क्रमाने जातो व मूळ प्रेषकाची ओळख झाकली जाते. अखेरच्या संगणकाचा पत्ता मात्र उघड दिसत असल्याने संशय त्याच्या चालकावर येतो. २०१७ मध्ये मॉस्को येथील गणिताच्या एका अध्यापकास याच कारणाने अटक झाली. पुढे आरोप मागे घेण्यात आले. भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या ७९ व्या कलमाने मध्यस्थांना काही अटींवर संरक्षण दिले आहे. संदेश स्वतः सुरू न करणे, त्याचा ग्राहक न निवडणे, त्यातील मजकूर न बदलणे व योग्य दक्षता घेणे, या त्यांतील प्रमुख अटी होत. काँग्रेस रेडिओचे चालक मात्र आपल्या संदेशाचे कर्तेही होते आणि त्याची जबाबदारी त्यांनी जाणूनबुजून पत्करली होती. केवळ दुसऱ्याचा संदेश पुढे पोहोचविणाऱ्यास कर्त्याइतके जबाबदार धरावे काय, हा या दोहोंमधील भेदातून निर्माण होणारा प्रश्न होय.