‘चीट’चा विजय महागात

ऑनलाइन खेळांत नियम मोडून आघाडी मिळवून देणाऱ्या प्रोग्रामना ‘चीट’ म्हणतात. ‘एमबॉट’ नेम आपोआप साधतो, तर ‘वॉलहॅक’मुळे भिंतीआडचा प्रतिस्पर्धी दिसतो. विजय सोपा होतो. मात्र त्याची किंमत अनेकदा खेळाबाहेर मोजावी लागते.

पहिला धोका संगणकाला असतो. चीट बसविताना अँटिव्हायरस बंद करण्याची आणि संगणकाचे सर्वाधिकार देण्याची सूचना सहसा केली जाते. याच वाटेने घातक प्रोग्राम आत शिरून पासवर्ड पळवू शकतो. ‘कॉल ऑफ ड्युटी : वॉरझोन’च्या चीटच्या नावाखाली असाच सापळा रचला गेल्याचे ‘अॅक्टिव्हिजन’ कंपनीने २०२१ मध्ये उघड केले होते.

दुसरा धोका खात्याला. ‘व्हॉल्व्ह’ कंपनीची २००२ पासूनची ‘व्हॅक’ यंत्रणा चीट ओळखून जी बंदी घालते, ती कायमची असते. पैसे मोजून घेतलेला खेळ मग संरक्षित सर्व्हरवर खेळता येत नाही.

स्पर्धात्मक खेळात तर कारकीर्दच पणाला लागते. ऑक्टोबर २०१८ मध्ये शांघाय येथील ‘एक्स्ट्रीम्सलँड’ स्पर्धेत ‘ऑप्टिक इंडिया’ संघाच्या एका खेळाडूच्या संगणकावर नेम साधणारी चीट सापडली. तिला ‘वर्ड’ असे साळसूद नाव दिलेले होते. संघ स्पर्धेतून बाद झाला आणि पाठोपाठ विसर्जितही करण्यात आला. त्या खेळाडूवर पाच वर्षांची बंदी आली. चूक एकाची होती. संघ मात्र पाचही जणांनी गमावला.