कुवण्णेची लेकरे

श्रीलंकेच्या इतिहासाची चर्चा बहुधा सिंहली व तमिळ या दोन समाजांभोवती फिरते. या दोहोंच्या आधीपासून त्या बेटावर वसलेल्या वेद्द लोकांचे स्मरण क्वचितच होते. पालि वंससाहित्यात त्यांच्या पूर्वजांना कोणते स्थान मिळाले, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

महावंसाच्या सातव्या परिच्छेदात विजयाची कथा आहे. परदेशातून आलेल्या विजयाला यक्षिणी कुवण्णा साहाय्य करते आणि तिच्याच मदतीने तो यक्षांचा पराभव करतो. तिच्यापासून त्याला एक मुलगा व एक मुलगी होते. परंतु अभिषेकाची वेळ येताच त्याला राणी म्हणून क्षत्रिय कन्याच हवी असते. मदुरेहून पांडू राजाची कन्या आणली जाते आणि कुवण्णेला घर सोडावे लागते. ती यक्षांच्या नगरात जाते, तेव्हा हेर समजून तिला ठार केले जाते. पोरकी मुले सुमनकूटाकडे पळतात व पुढे राजाच्या अनुज्ञेने मलय प्रदेशात राहतात. पुलिंद हे त्यांचेच वंशज होत, असे महावंसकार सांगतो. वेद्दांची उत्पत्ती पुढे याच कथेशी जोडली गेली.

ही कथा म्हणजे जसाच्या तसा इतिहास नव्हे. तथापि ‘यक्ष’ या नावामागे माणसेच असावीत, असे आमचे मत आहे. नाग म्हणजे सर्प नव्हेत, बौद्ध धम्माचा प्रसार करणारे लोक होत, हे बाबासाहेबांनी १९५६ साली नागपूरच्या भाषणात सांगितलेच होते. ज्याची भूमी घेतली, त्याचे मनुष्यत्वही नाकारले की घेणाऱ्याचे मन स्वस्थ राहते.

दहाव्या परिच्छेदात पंडुकाभय राजा चित्तराज यक्षाला उत्सवात आपल्या बरोबरीचे आसन देतो. मात्र तोच राजा नगर झाडण्यास ५००, गटारे साफ करण्यास २००, प्रेते वाहण्यास १५० व स्मशान राखण्यास १५० चांडाळ नेमतो आणि त्यांची वस्ती स्मशानाजवळ वसवितो. याचा अर्थ आमच्या वाचकांस समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. पुढे १७५३ साली स्थापन झालेल्या सियाम निकायाची उपसंपदाही गोविगम जातीपुरती मर्यादित झाली, आणि त्याविरुद्धच्या असंतोषातून १८०३ साली अमरपुर निकाय उदयास आला.

वेद्दांचे विस्थापन मात्र थांबले नाही. महावेली प्रकल्पाच्या जलाशयांचे पाणलोट क्षेत्र राखण्यासाठी १९८३ साली मादुरु ओया राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. पिढ्यान्‌पिढ्यांच्या रानात शिकार करणे व मध गोळा करणे हा गुन्हा ठरला. अनेक कुटुंबे दुसरीकडे वसविण्यात आली. परंतु दंबानचे वयोवृद्ध प्रमुख तिसहामी यांनी जाण्यास नकार दिला. १९९८ साली त्यांचे निधन झाले.

वासेट्ठसुत्तात भगवंतांनी तृण, वृक्ष व पशुपक्ष्यांत जातिभेद दाखविला, मनुष्यांत मात्र नाही. महावंस हा आमच्या अभ्यासाचा आदरणीय ग्रंथ आहे. परंतु तो बुद्धवचन नव्हे. राजवंशाची कथा वाचताना भगवंतांचे वचन हीच कसोटी आम्ही हाती धरली पाहिजे, आणि त्या कसोटीवर कुवण्णेच्या लेकरांना मलयाच्या रानात धाडणारे राज्य उतरत नाही.