उक्ती, कर्ता आणि प्रकरण : एका आरोपित वचनाचा इतिहास

१

थोरांच्या वचनांना आपल्या वाङ्मयव्यवहारात फार मोठी जागा आहे. वाङ्मयविचारात मात्र ती जवळजवळ नाही. अग्रलेखाचा समारोप, प्रबंधातील प्रकरणाचे शीर्षस्थान, गौरवग्रंथाचे अर्पणपृष्ठ, शाळेच्या व्हरांड्यातील फळा अशा सर्व ठिकाणी एखाद्या तत्त्वज्ञाचे किंवा नेत्याचे एक वाक्य, त्याखाली एक आडवी रेघ आणि रेघेपुढे त्याचे नाव, ही आकृती आपल्या इतकी परिचयाची आहे की ती एक संहिता आहे आणि तिलाही घडणीचा इतिहास आहे, याचे भान राहत नाही.

येथे प्रथम तीन संज्ञा वेगळ्या करणे आवश्यक आहे. म्हणीला वक्ता नसतो; तिचे प्रामाण्य लोकव्यवहाराचे असते. सुभाषिताला कर्ता असेलही, पण त्याचे प्रामाण्य प्रामुख्याने उक्तिसौष्ठवावर उभे असते. तिसरा प्रकार प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. त्याला आपण 'उक्ती' म्हणू. उक्तीचे प्रामाण्य वक्त्याच्या चरित्रातून येते. ती वाचताना आपण केवळ एक विधान वाचत नाही, तर त्या विधानामागे उभे असलेले एक जगलेले आयुष्य गृहीत धरतो. म्हणूनच म्हणीचा वक्ता शोधला नाही तर काही बिघडत नाही. उक्तीचा वक्ता बदलला तर तिचा अर्थच बदलतो.

आरोपित उक्तींविषयी दोन भूमिका सामान्यतः घेतल्या जातात. विचार महत्त्वाचा, तो कोणी मांडला हे गौण, ही पहिली भूमिका. बार्थ यांनी १९६७ मध्ये लेखकाच्या मृत्यूची घोषणा केल्यापासून तिला सिद्धान्ताचेही पाठबळ मिळाल्यासारखे वाटते. दुसरी भूमिका पडताळणीची : वचन मूळ ग्रंथात सापडत नाही, सबब ते बनावट, सबब ते टाकून द्यावे. दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत, हे एका प्रसिद्ध उदाहरणाच्या आधारे दाखविण्याचा येथे प्रयत्न आहे.

२

समोरच्याचे मत आपल्याला अमान्य असले तरी ते मांडण्याच्या त्याच्या हक्काचे आपण मरेपर्यंत रक्षण करू, या आशयाचे वाक्य व्हॉल्टेअरच्या नावावर जगभर उद्धृत केले जाते. आविष्कारस्वातंत्र्याचा वाद उपस्थित झाला की मराठी व्यासपीठांवरही ते हमखास ऐकू येते. व्हॉल्टेअरच्या (१६९४–१७७८) ग्रंथांत किंवा त्याच्या प्रचंड पत्रव्यवहारात हे वाक्य नाही. ते प्रथम छापले गेले १९०६ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी, 'द फ्रेंड्स ऑफ व्हॉल्टेअर' या इंग्रजी पुस्तकात. लेखकाचे नाव होते एस. जी. टॅलेन्टायर. हे टोपणनाव होते, आणि आद्याक्षरांवरून लेखक पुरुष की स्त्री हे कळण्यास मार्ग नव्हता. प्रत्यक्षात पुस्तक लिहिले होते एव्हलिन बिआट्रिस हॉल (१८६८–१९५६) या इंग्रज चरित्रकर्तीने. व्हॉल्टेअर हे नावही धारण केलेलेच. त्याचे मूळ नाव फ्रान्स्वा-मारी आरुए. म्हणजे या उक्तीच्या दोन्ही टोकांना घेतलेली नावे आहेत.

ज्या प्रसंगाच्या कथनात हे वाक्य येते तो पाहण्यासारखा आहे. एल्व्हेस्यूस या तत्त्वज्ञाचा 'द लेस्प्री' हा ग्रंथ १७५८ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसाच्या सर्व मनोव्यापारांचे मूळ इंद्रियसंवेदनांत आणि स्वहितात शोधणारा हा ग्रंथ धर्मपीठाला आणि राजसत्तेला मानवला नाही. त्याचा छपाईचा परवाना रद्द झाला, लेखकाला माफीपत्रे लिहून द्यावी लागली, आणि फेब्रुवारी १७५९ मध्ये पॅरिसच्या न्यायपीठाच्या आज्ञेवरून तो जाहीरपणे जाळण्यात आला. त्याच होळीत व्हॉल्टेअरची नैसर्गिक धर्मनियमांवरील कविताही होती. व्हॉल्टेअरला हा ग्रंथ फारसा पसंत नव्हता. तरीही ग्रंथाचा छळ सुरू झाल्यावर तो एल्व्हेस्यूसच्या बाजूचा झाला, असे हॉल सांगतात. आणि त्याची ही बदललेली वृत्ती एका वाक्यात पकडताना त्या ते वाक्य प्रथमपुरुषात, अवतरणचिन्हांत लिहितात. ही त्याची त्या वेळची वृत्ती होती, एवढेच त्यापुढे जोडतात.

व्हॉल्टेअर असे म्हणाला, असे हॉल यांनी लिहिलेले नाही. चरित्रनायकाच्या मनोवृत्तीचा सारांश त्याच्याच तोंडी घालण्याची ही कथनरीती कादंबरीकडून चरित्रलेखनात आलेली आहे. पात्राच्या मनात शिरून त्याच्या शब्दांत बोलणे ही कादंबरीत मान्य असलेली सवलत आहे. वाचकाला तेथे तो करार ठाऊक असतो. चरित्रात मात्र वाचक वेगळा करार गृहीत धरतो. हॉल यांच्या वाक्यात हे दोन करार एकमेकांवर पडले आणि दोन लहानशी चिन्हे निर्णायक ठरली.

३

मराठीच्या दृष्टीने येथे एक व्याकरणिक मुद्दा उपस्थित होतो. इंग्रजीत दुसऱ्याचे बोलणे अप्रत्यक्ष रीतीने सांगताना पुरुष आणि काळ बदलावे लागतात. त्यामुळे कोणाचे शब्द आणि कोणाचे निवेदन याची सीमा व्याकरणच काही प्रमाणात राखते. मराठीची स्वाभाविक रीत तशी नाही. 'मी उद्या येईन असे तो म्हणाला' या वाक्यात वक्त्याचा प्रथमपुरुष तसाच टिकतो. 'असे', 'म्हणून', 'की' एवढेच शब्द सीमेचे काम करतात. अवतरणचिन्हे आपल्याकडे मुद्रणाबरोबर, इंग्रजी लेखनपद्धतीच्या प्रभावाने एकोणिसाव्या शतकात रुळली. परिणामी, एखाद्याच्या भूमिकेचा सारांश आणि त्याचे शब्दशः विधान यांतील अंतर मराठी वाक्यात मुळातच कमी असते. 'व्हॉल्टेअरची वृत्ती अशी होती की मी तुझ्या हक्कासाठी लढेन' हे वाक्य मराठीत कोणालाही खटकत नाही. त्यातील 'वृत्ती' हा शब्द गळून 'म्हणाला' हा शब्द यायला एका पिढीचाही अवधी लागत नाही. उद्धृताविषयी मराठी लेखकाने अधिक सावध का असावे, याचे हे भाषेच्या घडणीतून येणारे कारण आहे.

वाक्य प्रसृत झाले ते अर्थातच इंग्रजीतून. १९३४ मध्ये 'रीडर्स डायजेस्ट'ने ते व्हॉल्टेअरचे म्हणून छापले. पुढे बर्डेट किन यांनी हॉल यांना पत्र लिहून विचारणा केली. मे १९३९ मधील आपल्या उत्तरात हॉल यांनी स्पष्ट केले, की ही शब्दरचना आपली स्वतःची असून ती अवतरणचिन्हांत द्यायला नको होती. हा खुलासा १९४३ मध्ये 'मॉडर्न लँग्वेज नोट्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पहिल्या छपाईपासून खुद्द लेखिकेच्या खुलाशापर्यंत तेहेतीस वर्षे गेली होती.

यानंतर जे घडले ते अधिक उद्बोधक आहे. खुलाशामुळे उक्तीचे आरोपण थांबले नाही. उलट उक्तीसाठी नवे मूळ तयार झाले. नॉर्बर्ट गुटरमन यांच्या १९६३ च्या फ्रेंच अवतरणांच्या संग्रहात या वाक्याचा संबंध व्हॉल्टेअरच्या ६ फेब्रुवारी १७७० च्या एका पत्राशी जोडण्यात आला. ते पत्र अस्तित्वात आहे, पण त्यात हे वाक्य नाही. तरीही तारीख आणि पत्र यांचा उल्लेख मिळताच उक्तीला पुन्हा कागदपत्रांचा आधार मिळाल्यासारखे झाले. संदर्भ देण्याची कृती आणि संदर्भ तपासण्याची कृती यांत किती अंतर असू शकते, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

४

हे वाक्य व्हॉल्टेअरचे नाही, एवढ्याने प्रश्न मिटतो काय? व्हॉल्टेअरच्या कृतींकडे पाहिले तर सारांश म्हणून हे वाक्य निराधार नाही. तुलूझ येथील झां कालास या प्रॉटेस्टंट व्यापाऱ्याला, मुलाने कॅथलिक होऊ नये म्हणून त्याचा खून केल्याच्या आरोपावरून, १० मार्च १७६२ रोजी चाकावर हाडे मोडून ठार मारण्यात आले. व्हॉल्टेअर प्रॉटेस्टंट नव्हता; त्या पंथाच्या धर्मनिष्ठेविषयी त्याला ममत्वही नव्हते. तरी त्याने साक्षी गोळा केल्या, वकील मिळवले, दरबारातील ओळखी वापरल्या, युरोपभर पत्रे धाडली आणि १७६३ मध्ये सहिष्णुतेवरील आपला प्रबंध प्रसिद्ध केला. ९ मार्च १७६५ रोजी कालास निर्दोष ठरला. आपल्या मताच्या नसलेल्या माणसासाठी झगडणे म्हणजे काय, हे या तीन वर्षांत दिसते. त्यात मरणाची प्रतिज्ञा नाही. अर्ज, वर्गणी आणि चिकाटी आहे.

याच व्हॉल्टेअरने १७६४ च्या अखेरीस रूसोविरुद्ध एक निनावी पत्रक काढले. रूसोने आपली मुले अनाथालयात सोडल्याची गोष्ट त्यात उघड केली आणि अशा राजद्रोह्याला देहान्त शिक्षाच योग्य, असे सुचवले. पत्रकाचा खरा कर्ता रूसोला ओळखता आला नाही. त्याने तो दोष जिनीव्हातील एका धर्मोपदेशकावर ठेवला. प्रतिपक्षाच्या हक्कासाठी मरायला तयार असलेला पुरुष आणि प्रतिपक्षाच्या मरणाची मागणी करणारा निनावी लेखक एकाच व्यक्तीत होते. उक्ती या दोघांपैकी एकालाच उरू देते.

आरोपित उक्तीचे खरे नुकसान येथे आहे. मूळ ग्रंथात नसलेले एक वाक्य त्यात घुसले, एवढाच तोटा झालेला नाही. कष्टाची जागा प्रतिज्ञेने घेतली, अंतर्विरोधाची जागा पुतळ्याने घेतली, आणि जिने ती वाक्यरचना केली तिचे नाव पुसले गेले. आपल्याकडील वादांतही हे वाक्य उच्चारणाऱ्याला एक सोय मिळते : उच्चारानेच कर्तव्य पार पडल्यासारखे वाटते. कालासच्या प्रकरणात काय काय करावे लागले, हे माहीत असेल तर ती सोय उरत नाही.

५

आपल्या परंपरेत या प्रश्नाचे काय झाले आहे? सुभाषितांच्या क्षेत्रात आरोपण ही नित्याची बाब होती. भर्तृहरीच्या नावावरील शतकांचे जे संपादन दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केले, त्याच्या शीर्षकातच ही सुभाषिते भर्तृहरीवर 'आरोपिलेली' असल्याचे म्हटले आहे. शेकडो हस्तलिखिते ताडून पाहिल्यावर, सर्व परंपरांत सामान्यतः आढळणारे सुमारे दोनशेच श्लोक त्यांना वेगळे काढता आले. बाकीचे भर्तृहरीच्या नावाकडे कालांतराने ओढले गेलेले. चांगला श्लोक दिसला की तो नीतीच्या, शृंगाराच्या किंवा वैराग्याच्या शतकात जाऊन बसे. येथे कर्त्याचे नाव हे एका अभिरुचीचे नाव झाले आहे.

महानुभाव वाङ्मयाची रीत मात्र याच्या जवळजवळ उलट आहे. श्रीचक्रधरांच्या लीळा म्हाइंभटांनी प्रत्यक्ष साक्षीदारांकडे जाऊन, विचारून संकलित केल्या. त्या संकलनातून केसोबासांनी चक्रधरांची वचने निवडून 'सूत्रपाठ' सिद्ध केला. वचन प्रसंगातून सुटे करण्याचीच ही क्रिया आहे. आजच्या वचनसंग्रहाचे संपादक करतात तीच. परंतु परंपरा तेथे थांबली नाही. सुटे झालेले सूत्र कोणत्या प्रसंगी, कोणाला उद्देशून निरूपिले, हे सांगणारा 'प्रकरणवश' हा ग्रंथप्रकार तिने निर्माण केला. सूत्राचा अर्थ प्रकरणावाचून लागत नाही, ही जाणीव त्यामागे आहे.

'दृष्टान्तपाठा'ची रचना आपल्या दृष्टीने आणखी महत्त्वाची आहे. त्यातील प्रत्येक घटकाचे तीन भाग पडतात : सूत्र, दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक. पहिले दोन श्रीचक्रधरांचे, तिसरे केसोबासांचे. सारांश काढणारा, अर्थ उलगडणारा शिष्य गुरूच्या शब्दांशेजारीच बसतो. पण आपली जागा वेगळ्या नावाने राखून बसतो. हॉल यांच्या वाक्याला अशी वेगळी जागा मिळाली असती, तर ते व्हॉल्टेअरच्या चरित्रावरील एक उत्तम दार्ष्टान्तिक ठरले असते. अवतरणचिन्हे नसलेल्या काळात जी सीमा ग्रंथरचनेने राखली, ती अवतरणचिन्हांच्या काळात राखली गेली नाही.

महानुभाव परंपरेला आधुनिक पाठचिकित्सेचा मान देण्याचा येथे हेतू नाही. तिची सावधगिरी भक्तीतून आली होती. परमेश्वराच्या शब्दात आपला शब्द मिसळू नये, ही त्यामागची धास्ती होती. मूळ पोथी परचक्रात नाहीशी झाल्यावर स्मृतीतून लीळांचे जे पाठ सिद्ध झाले, त्यांत भेद आहेतच. पण प्रेरणा धार्मिक असली तरी निष्पन्न झालेली रीत आपल्या उपयोगाची आहे.

६

आता आरंभीच्या दोन भूमिकांकडे पुन्हा वळता येईल. लेखक मेला, म्हणून आरोपणाची चिंता नको, हा निष्कर्ष सिद्धान्तातून निघत नाही. फूको यांचा १९६९ मधील प्रश्न लेखकाचे नाव संहितेच्या संदर्भात कोणते कार्य करते, हा होता. प्रस्तुत उदाहरणात त्याचे उत्तर स्पष्ट आहे : व्हॉल्टेअरच्या नावाने वाक्याला प्रामाण्य मिळाले आणि हॉल यांच्या नावाने ते मिळाले नसते. हा भेद कोणत्या सत्तासंबंधांतून येतो, हे विचारण्याऐवजी 'विचार महत्त्वाचा' असे म्हणणे म्हणजे तो भेद मान्य करणे होय. दुसरीकडे, वाक्य बनावट म्हणून टाकून देणारा पडताळणीवादही हॉल यांच्यावर अन्यायच करतो. वाक्य बनावट नाही. ते १९०६ मधील एका चरित्रकर्तीचे अस्सल वाक्य आहे. त्याला त्याची तारीख, त्याची लेखिका आणि त्याचा प्रसंग परत देणे हे समीक्षेचे काम आहे.

या कामासाठी 'संदर्भ' या शब्दाहून 'प्रकरण' हा जुना शब्द अधिक नेमका वाटतो. संदर्भ म्हणजे आजच्या विद्यापीठीय व्यवहारात पृष्ठक्रमांक झाला आहे, आणि पृष्ठक्रमांक चुकीच्या पत्राचाही देता येतो, हे आपण पाहिले. प्रकरण विचारते ते वेगळे : कोण बोलले, कोणाला, कशावरून, आणि मधे कोणी ते सांगितले? पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्याने प्रबंधाच्या शीर्षस्थानी एखादे वचन घालण्यापूर्वी हे चार प्रश्न विचारले, तर कदाचित निम्मी वचने गळून पडतील. उरलेली मात्र आडव्या रेघेपुढच्या नावाच्या जोरावर उभी राहणार नाहीत. ती ज्या कामातून निघाली त्या कामाच्या जोरावर उभी राहतील.