परक्याची तसबीर

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ साली, म्हणजे दागेरने शोधून काढलेली कृती पॅरिसमध्ये जाहीर झाल्याला पंधरा वर्षे होतात न होतात तोच. आणि तिच्या आरंभीच्या कार्यकारी मंडळात गोऱ्या लष्करी व मुलकी अंमलदारांच्या जोडीला डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारख्या एतद्देशीय विद्वानाचे नाव दिसावे, ही त्या शहराच्या तत्कालीन जिज्ञासेची मोठी बोलकी साक्ष आहे. भाऊंचे बंधू डॉ. नारायण दाजी हे वैद्यक सांभाळून स्वतः उत्तम तसबिरी उतरवीत. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन विद्यालयात या विद्येचा वर्ग निघाला आणि त्यातून हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे धंदेवाईक फोटोग्राफर तयार झाले. यंत्रामागे उभे राहणाऱ्या या मंडळींचा इतिहास आता बराच लिहिला गेला आहे. त्याला लागूनच दुसरा एक इतिहास आहे, तो यंत्रापुढे उभ्या केलेल्या अनोळखी माणसांचा आणि त्यांच्या हक्काचा; तो पुष्कळ तोकडा आहे आणि त्याचे धागेदोरे बहुतेक कायद्याच्या पुस्तकांतच सापडतात.

त्या काळी परक्या माणसाची तसबीर त्याच्या नकळत घेणे जवळजवळ अशक्य होते, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. काच स्वच्छ पुसायची, तिच्यावर कोलोडियनचा चिकट द्राव सर्वत्र सारखा पसरेल असा ओतायचा, मग अंधारात ती सिल्व्हर नायट्रेटच्या पात्रात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात बसवायची, भिंगावरचे टोपण काही सेकंद काढून पुन्हा लावायचे, आणि काच वाळण्यापूर्वी, म्हणजे फार तर दहापंधरा मिनिटांत, पुन्हा अंधाऱ्या तंबूत नेऊन तिच्यावरचे चित्र उमटवायचे, असा हा सगळा खटाटोप होता. मुंबईपुण्याच्या वैशाखात ती काच किती लवकर वाळत असेल याची कल्पनाच केलेली बरी. समोरच्याने मान हलवली की चेहऱ्याच्या जागी धुक्याचा डाग उमटे. सारांश, त्या काळच्या काचांवर जे जे चेहरे स्पष्ट उमटले आहेत ते ते हौसेने, पैशाने, भिडेने किंवा हुकमाने स्थिर उभे राहिलेले आहेत. आणि या चारांपैकी कोणत्या कारणाने कोण उभे राहिले, हे तसबीर सांगत नाही.

विल्यम जॉन्सन या मुंबईकर साहेबाने १८६३ आणि १८६६ साली दोन भागांत प्रसिद्ध केलेले मुंबईच्या रहिवाशांचे व आगंतुकांचे चित्रसंग्रह या दृष्टीने निरखून पाहण्यासारखे आहेत. गुजरात, कच्छ, काठेवाड आणि महाराष्ट्र येथील जातिजमातींची माणसे त्यांत दोघेतिघे किंवा चारचौघे अशी मांडून बसवलेली आहेत. परंतु बारकाईने पाहू लागताच असे दिसते की, माणसांवर पडलेला उजेड निराळा आणि त्यांच्या मागचा देखावा निराळा. याचे कारण उघड आहे. माणसे एका ठिकाणी बसवून घेतली, त्यांच्या आकृती अलग केल्या आणि मुंबईच्या एखाद्या इमारतीच्या किंवा झाडीच्या दुसऱ्याच चित्रावर त्या बसवून दिल्या. जेथे तो मनुष्य कधी उभा नव्हता तेथे त्याला कायमचे उभे केले गेले! चित्राखाली जात असते, धंदा असतो. नाव बहुधा नसतेच. स्वतःच्या नावानिशी तसबीर काढून घेणारा गिऱ्हाईक होता, आणि जातीच्या नावाने जिची तसबीर निघे ती नुसती सामग्री होती.

सत्तावनच्या बंडानंतर ही सामग्री सरकारदप्तरी जमा होऊ लागली. गव्हर्नर जनरल लॉर्ड कॅनिंग आणि त्यांच्या पत्नी यांना या देशाची आठवण म्हणून काही तसबिरी संग्रही हव्या होत्या, एवढ्या खाजगी हौसेतून निघालेले काम बघता बघता सरकारी झाले आणि फोर्ब्स वॉटसन व जॉन के यांनी संपादिलेला हिंदुस्थानच्या लोकांचा तो प्रसिद्ध ग्रंथ १८६८ ते १८७५ या काळात आठ खंडांत बाहेर पडला. कोणती जमात राजनिष्ठ, कोणती दांडगी, कोणावर भरवसा ठेवावा, असले शेरे चित्रांच्या सोबतीला आहेतच. सर सय्यद अहमद खान १८६९ साली लंडनला गेले असता त्यांचे चिरंजीव सय्यद महमूद इंडिया ऑफिसात हाच ग्रंथ चाळीत होते. तेथे आलेल्या एका तरुण इंग्रजाने त्यांना, तुम्ही हिंदुस्थानीच का, असे विचारले, तेव्हा होय म्हणताना त्यांचा चेहरा शरमेने उतरला आणि आपले पूर्वज परदेशातून आलेले आहेत असा खुलासा त्यांनी घाईघाईने जोडला, ही हकीकत सर सय्यदांनीच पत्रातून कळवली आहे. ज्यांची चित्रे होती त्यांनी तो ग्रंथ कधी पाहिला नाही; पाहिला तो दुसऱ्याच एका हिंदी माणसाने, आणि त्याला प्रथम सुचले ते आपण त्यांतले नव्हे हे सांगण्याचे. या प्रसंगाबद्दल सय्यद महमूद यांना दोष द्यावा असे मला वाटत नाही.

याहूनही कठोर उदाहरण विलोबी वॉलेस हूपर या मद्रासच्या लष्करी अंमलदाराचे आहे. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात अस्थिपंजर झालेल्या बायकामुलांना ओळीने बसवून त्याने ज्या तसबिरी घेतल्या, त्या पाहणाऱ्याच्या मनात करुणेइतकाच संतापही उत्पन्न करतात. पुढे १८८६ साली मंडालेत कैद्यांना गोळ्या घालण्याच्या क्षणाची तसबीर साधावी म्हणून त्याने बंदुकीच्या बारीची वेळ कॅमेऱ्याशी जुळवून घेतली असा बोभाटा विलायतेपर्यंत गेला, चौकशी बसली आणि त्याच्यावर ठपका आला. मरणाऱ्याचा काही हक्क भंगला असे त्या चौकशीला वाटले असेल असे दिसत नाही. अंमलदाराला न शोभणारे वर्तन, एवढाच तो गुन्हा.

घराच्या आत कॅमेरा शिरला तो प्लेगच्या साली. १८९७ च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि घरझडतीचा अधिकार सरकारने घेतला. मुंबईतील प्लेगच्या कामाच्या ज्या तसबिरी कॅप्टन मॉस याने घेतल्या त्यांत झडतीला निघालेल्या टोळ्या आहेत, इस्पितळातील खाटांवर पडलेले रोगी आहेत आणि त्यांच्याभोवती बसलेले आप्तही आहेत. कायद्याने कॅमेऱ्याला आत जाण्याची परवानगी दिली नव्हती. पण दार उघडणाऱ्याच्या पाठोपाठ तो आत गेला. देवघरापर्यंत पोचलेल्या गोऱ्या शिपायांमुळे आणि बायकांच्या उघड्यावर होणाऱ्या तपासणीमुळे पुण्यात जो क्षोभ झाला त्याचे पर्यवसान त्याच साली २२ जूनच्या रात्री प्लेगचा अंमलदार रँड याच्यावरील गोळीबारात झाले, हे सर्वश्रुतच आहे. याच्या अवघी पाच वर्षे आधी, १८९२ साली, हैदराबादेत लाला दीनदयाळ यांनी केवळ स्त्रियांसाठी जनानी स्टुडिओ उघडला होता; त्याला उंच भिंती होत्या, आत इंग्रज बाई तसबिरी घेई आणि पुरुषाची सावलीही पडणार नाही अशी व्यवस्था होती. गोषा पाळणाऱ्या घराण्यांना खाजगीपणा म्हणजे काय हे कोणी शिकवायला नको होते. ज्याला भिंत बांधता येत होती त्याची भिंत फोटोग्राफरनेही राखली.

आता कायदा काय म्हणत होता ते पाहू. विलायतेत १८६२ साली तसबिरींना प्रथम कायद्याचे संरक्षण मिळाले, तेव्हाच असे ठरले की, दुसऱ्याच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या तसबिरीची मालकी सांगणाऱ्याची. यातला खरा मुद्दा १८८८ सालच्या पोलार्ड खटल्यात उघडा पडला. एका बाईंनी पैसे देऊन आपली तसबीर काढवली. फोटोग्राफरने तीच नाताळच्या भेटकार्डावर छापून दुकानाच्या काचेत लावली. बाईंनी दाद मागितली. फोटोग्राफरच्या वकिलाचे म्हणणे असे की, स्वतःच्या मुद्रेवर कोणाची मालमत्ता नसते, आणि काच तर आमची आहे. न्यायमूर्ती नॉर्थ यांनी मनाई हुकूम दिला. परंतु तो दिला कराराच्या आणि विश्वासाच्या आधारावर. सुनावणीत त्यांनीच बाईंच्या वकिलाला विचारले की, तसबीर चोरून घेतली असती तर तिच्या प्रती दाखवण्यास तुमची हरकत चालली असती काय. आणि वकिलाने मान्य केले की, तेथे मोबदलाच नाही, तेव्हा करारही नाही. पैसे देणाऱ्याच्या चेहऱ्याला संरक्षण, आणि ज्याच्या नकळत तसबीर घेतली गेली त्याला काहीच नाही! दैवयोग असा की, त्याच साली अमेरिकेत ईस्टमनचा कोडॅक कॅमेरा बाजारात आला. शंभर चित्रांची गुंडाळी आतच भरलेली, बटण दाबले की काम झाले. तंबू, पात्रे, ओली काच, सगळे संपले. करार न करता तसबीर घेण्याचे सामर्थ्य ज्या वर्षी कोणाही वाटसरूच्या हाती आले, त्याच वर्षी न्यायालयाने कराराबाहेरच्या माणसाला वाऱ्यावर सोडले.

इतर देशांनी वेगवेगळ्या वाटा चोखाळल्या. फ्रान्समध्ये राशेल या थोर नटीची मृत्युशय्येवरील तसबीर आणि तिच्यावरून केलेले रेखाचित्र बाहेर आले, तेव्हा १८५८ सालीच पॅरिसच्या न्यायालयाने ती जप्त करण्याचा हुकूम दिला. जर्मनीत १८९८ साली बिस्मार्क वारल्यावर दोन फोटोग्राफर वश करून घेतलेल्या नोकराच्या मदतीने रात्री शयनगृहात शिरले आणि मॅग्नेशियमच्या झगझगाटात शवाची तसबीर घेऊन पसार झाले. त्या प्रकरणाचा निकाल न्यायालयाने घरात बेकायदा शिरण्याच्या मुद्द्यावर कसाबसा लावला, आणि ही पंचाईत पुन्हा नको म्हणून १९०७ च्या कायद्यात स्पष्ट लिहिले गेले की, माणसाचे चित्र त्याच्या संमतीवाचून प्रसिद्ध करता येणार नाही. अमेरिकेत वॉरन आणि ब्रँडाइस या दोघा कायदेपंडितांनी १८९० साली हार्वर्डच्या कायदेविषयक नियतकालिकात एकांताच्या हक्काचा पुरस्कार केला. तरी १९०२ साली, पिठाच्या जाहिरातीवर एका तरुणीचे चित्र तिला न विचारता छापून त्याच्या २५,००० प्रती लावल्या गेल्या असता, न्यूयॉर्कच्या वरिष्ठ न्यायालयाने चाराविरुद्ध तीन मतांनी तिची फिर्याद फेटाळली. लोक इतके खवळले की पुढच्याच वर्षी तेथील विधिमंडळाने कायदा करून व्यापारासाठी असा वापर करण्यास बंदी घातली.

हिंदुस्थानात मात्र विलायतेची मोबदल्याची वाट तशीच चालत आली. १९११ चा विलायती कायदा १९१४ साली येथे लागू झाला आणि स्वातंत्र्यानंतर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या सतराव्या कलमातही तेच तत्त्व उतरले: उलट करार नसेल तर मोबदला देऊन तसबीर काढवणारा तिचा पहिला मालक. लग्नात फोटोग्राफर बोलावणाऱ्या वधूपित्याला हे कलम ठाऊक नसते, आणि फोटोग्राफरला ठाऊक असले तरी तो बोलून दाखवीत नाही, ही गोष्ट वेगळी. गंमत अशी की, या देशात तसबिरीवर काही हक्क सांगता येणारा, पण पैसे न देणारा पहिला मनुष्य निघाला तो आरोपी. कैद्यांच्या ओळखीबाबतच्या १९२० च्या कायद्याने मॅजिस्ट्रेटच्या हुकमावरून तसबीर घेण्याची मुभा दिली खरी. परंतु पूर्वी शिक्षा न झालेला आरोपी खटल्यावाचून किंवा निर्दोष म्हणून सुटला तर त्याच्या तसबिरी, निगेटिव्ह आणि प्रती दोन्ही, नष्ट कराव्यात किंवा त्याच्या हवाली कराव्यात, असे त्याच कायद्यात होते. न्यायालयाला कारणे नमूद करून वेगळा हुकूम देता येई, हेही सांगितले पाहिजे. २०२२ साली त्या कायद्याची जागा नव्या कायद्याने घेतली आणि आता अशा नोंदी ७५ वर्षे ठेवता येतात.

सर्वोच्च न्यायालयाने खरकसिंग खटल्यात १९६२ साली खाजगीपणा हा घटनेतील हक्क नव्हे असे बहुमताने म्हटले, १९९४ साली राजगोपाल प्रकरणात माणसाला आपल्यापुरते राहू देण्याचा हक्क मान्य केला, आणि २०१७ च्या ऑगस्टमध्ये नऊ न्यायमूर्तींनी एकमताने तो मूलभूत हक्क ठरवला. चोरून चित्रण करण्याबद्दल फौजदारी कलमेही आली: माहिती तंत्रज्ञान कायद्यात, आणि दिल्लीच्या अत्याचारानंतर २०१३ साली तेव्हाच्या भारतीय दंडसंहितेत. ही कलमे स्नानगृह, शयनगृह आणि शरीर यांच्यापुरती आहेत. भर रस्त्यात परक्याची तसबीर घेण्यास सर्वसाधारण मनाई या देशात आजही नाही, आणि ती नसावी असेच माझे मत आहे. कारण १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सुनील जाना यांनी वाटेवर मरून पडणाऱ्यांच्या तसबिरी घेतल्या नसत्या तर सरकारच्या सारवासारवीला उत्तर देणे अवघड होते. त्या माणसांचीही संमती कोणी घेतली नव्हती. हूपर आणि जाना यांच्यातला भेद कॅमेरा उचलण्याच्या हक्कात नसून पुढे त्या चित्राचे काय केले यात आहे.

म्हणूनच कायद्याने बोट ठेवायचे ते प्रसिद्धीवर आणि व्यापारावर. कॉपीराइट कायद्याच्या बावन्नाव्या कलमात सार्वजनिक जागेतील पुतळ्याची आणि इमारतीची तसबीर घेता येईल असे आवर्जून लिहिले आहे. त्या पुतळ्याखाली सावलीला बसलेल्या माणसाबद्दल त्या कायद्यात एक ओळही नाही, आणि त्याचे चित्र उद्या एखाद्या तेलाच्या डब्यावर छापले गेले तर त्याला पदरच्या खर्चाने उच्च न्यायालयापर्यंत जाऊन राजगोपाल प्रकरणाचा आधार शोधावा लागतो. जर्मनीच्या १९०७ च्या कायद्याने गर्दी, मिरवणुका, समकालीन घटना आणि देखाव्यात ओघाने आलेली माणसे यांना अपवाद ठेवून बाकीच्यांसाठी संमतीची अट घातली, आणि तेथील वृत्तपत्रे त्यामुळे बंद पडली नाहीत. तसे एक छोटे कलम आपल्या संसदेने करावे, आणि त्याची दाद जिल्हा न्यायालयातच मागता येईल अशी तरतूद त्यात ठेवावी.