कॉम्पॅक्ट डिजिटल कॅमेरा

हौशी वापरासाठी बनविलेला, न बदलता येणाऱ्या भिंगाचा आणि बहुतेक समायोजने आपोआप करणारा, खिशात मावेल असा अंकीय कॅमेरा (→ छायाचित्रण).

प्रकाशाचे विद्युत्‌भारात रूपांतर करणारा सीसीडी संवेदक १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनी कल्पिला (→ अर्धसंवाहक). कोडॅकमधील स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्ये केलेला अंकीय कॅमेरा सुमारे ३.६ किग्रॅ. वजनाचा होता, एक कृष्णधवल चित्र कॅसेटवर नोंदवायला त्याला २३ सेकंद लागत. या वर्गाला आजचे वळण दिले ते १९९५ मध्ये विक्रीस आलेल्या कॅसिओ क्यूव्ही-१० ने. त्याच्या पाठीवरील द्रवस्फटिक पडद्यावर चित्र लगेच पाहता येई.

बटण अर्धे दाबले की कॅमेरा अंतर व प्रकाश ठरवितो आणि पूर्ण दाबल्यावर चित्र टिपतो. बंद करताच भिंग आत सरकते. हा आटोपशीरपणा मुख्यतः लहान संवेदकामुळे साधतो. प्रचलित संवेदक सुमारे ६.२ × ४.६ मिमी. असतो, म्हणजे ३५ मिमी. फिल्मच्या चौकटीचा जेमतेम तिसावा भाग. त्यामुळेच अंधुक प्रकाशात चित्र रवाळ येते. फ्लॅश भिंगालगत असल्याने डोळे लाल दिसण्याचा दोषही आढळतो.

छत्तीस चित्रांच्या रोलची व धुलाईची मर्यादा या कॅमेऱ्याने संपविली. जपानी उत्पादक संघटनेच्या नोंदींनुसार सर्व डिजिटल कॅमेऱ्यांची जागतिक पाठवणी २०१० मध्ये १२ कोटींवर गेली, तीत बहुसंख्य कॉम्पॅक्ट होते. पुढे ही जागा फोनने घेतली (→ स्मार्टफोन).