रोजकीर्द ते संगणक

शाहू महाराजांनी १८९५ मध्ये कोल्हापुरात शाहूपुरी ही व्यापारपेठ वसवली. गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी प्रत्येक सौदा आधी रोजकीर्दीत लिहीत, मग खतावणीत उतरवीत आणि शेवटी तेरीज मांडून जमा-नावे यांचा मेळ पाहत. वडिलांच्या करखात्यातील अशीच कंटाळवाणी आकडेमोड हलकी करण्यासाठी पास्कलने १६४२ मध्ये बेरीजयंत्र रचायला घेतले. १९७९ मध्ये कोष्टक आपोआप सुधारणारी व्हिजिकॅल्क आज्ञावली आली, १९८६ मध्ये भारतात टॅलीचा उगम झाला. आता नोंद आपण एकदाच करतो. खतावणी, तेरीज संगणक मांडतो. पण एका शेतकऱ्याची रक्कम दुसऱ्याच्या खाती पडली, तरी तेरीज जुळतेच! ती चूक पूर्वी दिवाणजींनी शोधायची, आज आपण.