पादस्नान, औषधी (रत्नागिरी जिल्हा)

थकलेले, ठणकणारे पाय औषधी पाला, मीठ किंवा खनिजे असलेल्या ऊन पाण्यात बुडवून शेकण्याचा उपचार. रत्नागिरीत त्याची खरी निकड चिखलणी-लावणीच्या दिवसांत भासते. भातखाचरात वाकून काम करताना पोटऱ्या भरून येतात, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात आणि टाचांच्या भेगा ठणकू लागतात.

शास्त्राधार : चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील १४व्या अध्यायात अग्निस्वेदाचे १३ प्रकार सांगितले आहेत. त्यांतील अवगाह म्हणजे ऊन काढ्यात अंग बुडवून बसणे आणि परिषेक म्हणजे काढ्याची धार धरणे. पायांना तेल चोळल्याने खरखरीतपणा, ताठरपणा, शीण व बधिरपणा जातो, असे ५व्या अध्यायात म्हटले आहे.

कृती : निर्गुडीचा पाला पाण्यात उकळून ते सोसवेल इतके निववतात. घोटे बुडतील एवढे पाणी घमेल्यात घेऊन १५-२० मिनिटे पाय ठेवतात. पाणी ३८ ते ४० अंश सेल्सिअस असावे. उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात, स्नायू सैल होतात. आराम मुख्यतः त्यामुळे पडतो. पाल्याचा किंवा मिठाचा वाटा किती, यावर एकमत नाही.

ऊन पाण्याचे झरे : उन्हवरे (ता. दापोली), आरवली, तुरळ, राजवाडी (ता. संगमेश्वर) आणि उन्हाळे (ता. राजापूर). भेगांतून खोल मुरलेले पावसाचे पाणी भूगर्भातील उष्णतेने तापून वर येते. उन्हवऱ्याचे पाणी सुमारे ७० अंशांचे असल्याने उगमाशी पाय घालणे धोक्याचे.

कोकमतेल : पाय शेकून झाल्यावरचा हा उपचार पादस्नानाइतकाच मोलाचा आहे. रातांब्याच्या (कोकमाच्या फळाच्या) वाळलेल्या बिया फोडून गर कुटतात, पाण्यात उकळतात, वर तरंगणारी चरबी काढून थिजवतात आणि मुठीत वळून तिचे गोळे करतात. स्टिअरिक व ओलेइक ही तिच्यातील प्रमुख मेदाम्ले. नेहमीच्या हवेत गोळा घट्ट राहतो. ४० अंशांच्या आसपास वितळतो. म्हणून तो दिव्यावर किंवा निखाऱ्यावर धरून पातळ झालेले तेल भेगांत भरतात. ते थिजून वर थर धरते आणि कातडीतील ओल टिकते.

काशाची वाटी : तूप किंवा तेल लावून तळपाय घासण्यासाठी ती वापरतात.

दक्षता : चिखल्या असताना पाय फार वेळ भिजवू नयेत, बेचके कोरडे पुसावेत. उघडी जखम असल्यास पादस्नान टाळावे. कोकणात भातशेतीच्या हंगामात लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. त्याचे जंतू भेगांतून व भिजून मऊ पडलेल्या कातडीतून शरीरात शिरतात. पायदुखीसोबत ताप आणि पोटऱ्यांत तीव्र कळा असतील, तर घरगुती शेकात वेळ न दवडता आरोग्य केंद्र गाठावे. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांना चटका कळत नाही. त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा उपचार करू नये.